लॅब्राडॉर मादीची नसबंदी: आत्ता की पहिल्या माजानंतर? आणि खर्चात एवढा फरक का?

रानवारा

लॅब्राडॉर मादी आहे, वय ७ महिने, वजन २४ किलो, अजून माजावर आलेली नाही. लसीकरण पूर्ण आहे, आजारपण काही नाही. पिल्लं होऊ द्यायची नाहीत हे घरात ठरलेलं आहे, त्यामुळे नसबंदी करायचीच. अडलंय ते कधी आणि कुठे यावर. एक डॉक्टर म्हणतात, पहिला माज यायच्या आत करून टाका, स्तनाच्या गाठींचा धोका जवळपास संपतो. दुसरे म्हणतात, मोठी जात आहे, हाडं भरू द्या, वर्षानंतर या. ऐकताना दोघांचंही पटतं.

खर्चाचंही तसंच. एकाचा आकडा दुसऱ्याच्या जवळपास तिप्पट. शस्त्रक्रिया एकच, मग फरक कशाचा? कोणी फोड करून सांगेल का? घरात ५ महिन्यांचा बोकाही आहे, त्याचं आत्ताच करावं का? आणि शेजारी म्हणतात, मादीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, तब्येत चांगली राहते. यात तथ्य आहे का?

ओली_नाकं

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर सरळ आहे. एकदा व्यायल्याने मादीच्या तब्येतीला काहीही फायदा होत नाही. उलट गाभणपण आणि विणं यात तिच्या जिवाला स्वतंत्र धोका असतो. हा विचार डोक्यातून काढून टाका.

वयाबद्दल दोन्ही डॉक्टर बरोबरच बोलताहेत, फक्त दोघांची नजर वेगवेगळ्या आजारांवर आहे.

स्तनाच्या गाठींचे जे आकडे सगळीकडे फिरतात ते १९६९ सालच्या एका अभ्यासातले आहेत. पहिल्या माजाआधी नसबंदी केली तर धोका ०.५ टक्के उरतो, एका माजानंतर केली तर ८ टक्के, दोन किंवा जास्त माजांनंतर २६ टक्के. इथे बहुतेकांची गफलत होते. ८ टक्के म्हणजे शंभरातल्या आठ माद्यांना गाठ येते असं नव्हे. नसबंदी न केलेल्या मादीला जेवढा धोका असतो, त्याचा ८ टक्के भाग शिल्लक राहतो. म्हणजे एक माज होऊन गेला तरी बराचसा फायदा हाती असतोच. शिवाय २०१२ मध्ये या विषयावरचे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा पुरावा वाटतो तितका भक्कम नाही असंच दिसलं.

दुसऱ्या बाजूला सांधे. लांब हाडांच्या टोकाला वाढीची पट्टी असते, ती बंद होण्याचा इशारा लैंगिक संप्रेरकांकडून मिळतो. अंडाशय लवकर काढले की पट्टी उशिरा बंद होते, हाड थोडं जास्त लांबतं, सांध्याचा कोन बदलतो आणि गुडघ्याच्या अस्थिबंधावर ताण येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२० मध्ये ३५ जातींचा हिशोब मांडला. लहान चणीच्या जातींमध्ये लवकर नसबंदीने सांध्यांना फारसा फरक पडलेला दिसला नाही. लॅब्राडॉर माद्यांत मात्र पहिल्या वर्षात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये सांध्यांचे विकार जास्त आढळले. त्यामुळे छोट्या पॉमेरेनियनला लागू पडणारा सल्ला तुमच्या लॅबला जसाच्या तसा लावू नका. झोपेत लघवी गळण्याचा त्रासही नसबंदी झालेल्या मोठ्या माद्यांत जास्त दिसतो. तो बहुतेक वेळा औषधाने आटोक्यात राहतो, पण औषध दीर्घकाळ चालू ठेवावं लागू शकतं.

आता याचा अर्थ "राहू दे, बघू पुढे" असा मात्र अजिबात घेऊ नका. कुत्रीच्या शरीरात प्रत्येक माजानंतर, ती गाभण असो वा नसो, साधारण दोन महिने प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक चढलेलं राहतं. गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, तोंड मिटतं, आत जंतू शिरलेले असतील तर पू साठतो. विमा काढलेल्या स्वीडिश कुत्र्यांच्या नोंदींवरून दहा वर्षांची होईपर्यंत जवळपास चारातल्या एकीला हा आजार होतो असं दिसलं आहे. नसबंदी करण्याचं सर्वांत मोठं वैद्यकीय कारण माझ्या मते हेच, गाठी नव्हेत.

तुमच्या मादीसाठी माझं मत: पहिला माज येऊ द्या आणि तो संपल्यावर दहा-बारा आठवड्यांनी शस्त्रक्रिया करा. तोवर ती वर्षाच्या पुढे गेलेली असेल. माज लवकर येऊन गेला तर वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबा, फक्त दुसरा माज येऊ देऊ नका. दोन माजांत साधारण सहा-सात महिन्यांचं अंतर असतं.

माजात किंवा त्यानंतर लगेच करू नये. माजात गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. माज संपल्यानंतरच्या पहिल्या आठ आठवड्यांत केलं तर प्रोजेस्टेरॉन एकदम खाली येतं आणि खोटं गाभणपण सुरू होऊ शकतं: स्तनात दूध, खेळणी गोळा करून त्यांना पिल्लांसारखं जपणं, कोणी जवळ गेलं की गुरगुरणं.

मात्र या सल्ल्याला एक अट आहे. माजाचे तीन आठवडे तुम्हाला डोळ्यांत तेल घालून राखण करावी लागेल. रक्त कमी होऊन स्राव फिकट गुलाबी, पेंढ्याच्या रंगाचा झाला की लोकांना वाटतं संपलं. नेमके तेच दिवस गाभण राहण्याचे असतात. अंगणात मोकळं सोडायचं नाही, बाहेर नेताना पट्टा कायम हातात. घरात हे जमणार नसेल तर सरळ माजाआधी करून घ्या. नको असलेल्या आठ पिल्लांपेक्षा तो मार्ग शतपटीने बरा.

निळी_पेटी

वयाबद्दल वर आलंच आहे. मी फक्त खर्चावर लिहितो.

मादीची नसबंदी म्हणजे पोट उघडून केलेली मोठी शस्त्रक्रिया. नराचे वृषण बाहेर असतात, १५ ते ३० मिनिटांत काम होतं. मादीला ४५ ते ९० मिनिटं लागतात, म्हणजे तेवढी भूल, तेवढा प्राणवायू, तेवढी माणसं. वजनाप्रमाणे भुलीचं औषध, सलाईन आणि वेदनाशामक वाढतं, म्हणून २४ किलोच्या मादीचा आणि ६ किलोच्या मादीचा आकडा एक नसतो. लठ्ठ असेल, माजावर असेल, गाभण असेल तर आणखी वाढतो. नरात एक वृषण पोटात अडकलेला असेल तर त्याचंही पोट उघडावं लागतं. (तो काढायलाच हवा, आत राहिलेल्या वृषणात गाठ होण्याचा धोका कितीतरी जास्त असतो.)

आता दोन आकड्यांतला फरक. दोन्हीकडे फोन करून नेमकं काय विचारायचं ते सांगतो.

आधी रक्ततपासणी धरली आहे का? किमान रक्तपेशींची मोजणी, मूत्रपिंड आणि यकृत. प्लेटलेटचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींचा, आकडा आवर्जून बघायला लावा. गोचीड तापात तो घसरतो आणि वरून कुत्रं ठणठणीत दिसतं. अशा मादीचं पोट उघडलं तर रक्त थांबत नाही. हा खर्च वाचवण्यासारखा नाही.

मग भूल. फक्त इंजेक्शनने देणार की श्वासनलिकेत नळी घालून आयसोफ्लुरेन या भुलीच्या वायूवर ठेवणार? इंजेक्शनची भूल स्वस्त पडते, पण एकदा दिली की तिची खोली हवी तशी कमीजास्त करता येत नाही. वायूची भूल क्षणोक्षणी बदलता येते, नळीमुळे उलटी फुप्फुसात जात नाही आणि श्वास थांबलाच तर लगेच देता येतो. शिरेत सुई लावून ठेवणार का? काही बिघडलं तर औषध द्यायची वाट तीच. सलाईन कुत्र्याला सुरुवातीला ताशी किलोमागे ५ मिलि, मांजराला ३ मिलि, या हिशोबाने जातं.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: शस्त्रक्रिया चालू असताना भुलीवर लक्ष कोण ठेवणार? कापणारा डॉक्टर एकटाच असेल तर ते उत्तर चालणार नाही. नाडी, प्राणवायूचं प्रमाण, श्वास आणि तापमान बघायला दुसरा माणूस हवा. आणि प्राणी शुद्धीवर येईपर्यंत तो माणूस हवा. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात निरोगी कुत्र्यांमध्ये भुलीशी संबंधित मृत्यूचं प्रमाण सुमारे ०.०५ टक्के निघालं, म्हणजे दोन हजारांत एक. सगळ्या कुत्र्यांचा विचार केला तर त्यातले जवळपास निम्मे मृत्यू शस्त्रक्रिया संपल्यावर झाले होते, आणि त्यातले बहुतेक पहिल्या तीन तासांत. म्हणून "टाके घातले, घेऊन जा" म्हणणाऱ्या ठिकाणी मी तरी नेणार नाही. चालता येईपर्यंत ते प्राण्याला ठेवून घेतात का, विचारा.

शेवटी वेदनाशामक. शस्त्रक्रियेआधी, दरम्यान आणि घरी ३ ते ५ दिवस. बिलात ते नसेल तर का नाही, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

महाग आकडा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा असू शकतो. त्यात पाच-दहा मिलिमीटरची दोन-तीन भोकं पाडून फक्त अंडाशय काढतात. दुखणं कमी, चालणं-फिरणं लवकर सुरू. गर्भाशय आत राहतं म्हणून घाबरू नका. अंडाशय पूर्ण निघाले आणि गर्भाशय निरोगी असेल तर त्यात पू होण्याचं कारणच उरत नाही. पण नेहमीची उघडी शस्त्रक्रियाही नीट केलेली असेल तर तितकीच परिणामकारक असते. पैसे मर्यादित असतील तर ते दुर्बिणीपेक्षा रक्ततपासणी, भूल आणि देखरेख यांवर घाला.

आणि स्वस्त म्हणजे वाईट असंही समजू नका. प्राणी कल्याण संस्था आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं अनुदानामुळे कमी घेतात, आणि रोज अनेक नसबंद्या करणाऱ्या शल्यविशारदाचा हात फार सराईत असतो. वरचे प्रश्न तिथेही विचारा. उत्तरं ठीक आली तर खुशाल तिथे करा.

रानवारा

दोघांचे मनापासून आभार. माज पुढे ढकलायचं इंजेक्शन मिळतं असं कळलं. वर्षापर्यंत थांबायचंच आहे तर तोवर ते द्यावं का? आणि बोक्याचं राहिलं.

मिशीचा_केस

इंजेक्शन नको. ते प्रोजेस्टेरॉनसारखंच औषध असतं. ज्या संप्रेरकामुळे गर्भाशयात पू होतो तेच बाहेरून द्यायचं, असा तो प्रकार आहे. स्तनाच्या गाठी आणि मधुमेहाचा धोकाही वाढतो. माज येऊ द्या, राखण करा.

बोक्याचं आत्ताच करा, थांबायचं काही कारण नाही. मांजरात मोठ्या कुत्र्यांसारखा सांध्यांचा प्रश्न येत नाही आणि पाच महिने हे अगदी योग्य वय आहे. उशीर केला तर भिंतींवर फवारे मारायची सवय लागते. नसबंदीनंतर दहातल्या नऊ बोक्यांत ती थांबते, पण मुळात लागूच न देणं सोपं. लवकर केल्याने मूत्रमार्ग अरुंद राहतो आणि लघवी तुंबते असं सांगितलं जातं, तपासणीत ते खरं ठरलेलं नाही. वजन मात्र वाढू देऊ नका, तुंबण्याशी त्याचा संबंध आहे.

जखम इतकी छोटी असते की बहुधा टाकेही घालत नाहीत. आठवडाभर शौचाच्या ट्रेमध्ये बारीक वाळूऐवजी कागदाचे तुकडे ठेवा, वाळूचे कण जखमेत जातात. आसपास नसबंदी न झालेली भाटी (मांजराची मादी) असेल तर महिनाभर दोघांना वेगळं ठेवा, कारण वाहिनीत उरलेल्या शुक्राणूंमुळे काही आठवडे तो बाप होऊ शकतो.

उपाशी ठेवण्याच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्या. मोठ्या कुत्र्याला सहसा आदल्या रात्रीनंतर खायला देत नाहीत, पाणी सकाळपर्यंत चालतं. छोट्या पिल्लांना रात्रभर उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर घसरते, त्यांची वेळ कमी असते.

ओली_नाकं

घरी आणल्यानंतरचं राहिलं होतं, तेही सांगते.

चाटू न देणारी शंकूसारखी गळ्यातली कॉलर टाके निघेपर्यंत, म्हणजे १० ते १४ दिवस, रात्रीही ठेवायची. "आमची चाटत नाही" म्हणून काढली की दहा मिनिटांत टाके उसवलेले असतात. तेवढे दिवस अंघोळ नाही, जिने नाहीत, सोफ्यावर उड्या नाहीत, फिरणं पट्ट्यावर आणि थोडकंच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिला एकदम बरं वाटायला लागतं आणि ती धावायला बघते. खरी सांभाळायची वेळ तीच. बाहेरची त्वचा जुळलेली दिसते, पण आतला स्नायूंचा थर अजून कच्चा असतो. जास्त हालचाल झाली तर जखमेखाली पाणी साठून मऊ फुगवटा येतो. तो बहुधा आपोआप जिरतो, तरी दाखवून घ्या.

पहिल्या रात्री दर दोन तासांनी ओठ वर करून हिरडी बघा. गुलाबी असावी, बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत यावा. हिरडी पांढुरकी, पोट फुगत चाललेलं, उठायला तयार नाही, अशी लक्षणं दिसली तर आत रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. सकाळची वाट न बघता न्या. म्हणूनच शस्त्रक्रियेच्या आधी रात्रीचा आपत्कालीन नंबर घेऊन ठेवायचा. जखमेतून पू, दुर्गंधी, १०३ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, २४ तासांहून जास्त अन्नावर वासना नाही, यातलं काहीही असेल तरी त्याच दिवशी दाखवा. माणसांची वेदनाशामकं कुत्र्याला देऊ नका, आणि पॅरासिटामॉल तर बोक्याच्या जवळपासही नको, अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

टाके निघाले की खाणं मोजायला सुरुवात करा. नसबंदीनंतर ऊर्जेची गरज साधारण पाव हिश्शाने कमी होते आणि भूक वाढते. सुमारे चौथा हिस्सा लॅब्राडॉरांमध्ये असा एक जनुकीय बदल सापडतो की त्यांना दोन जेवणांच्या मध्ये जास्त भूक लागते. वाटीने अंदाजे घालू नका, काट्यावर ग्रॅममध्ये मोजा, आत्ताच्या मापाच्या पाऊण पट द्या आणि दर पंधरा दिवसांनी वजन घ्या. फासळ्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत, डोळ्यांना उठून दिसता कामा नयेत.

आणि शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा माजासारखी लक्षणं दिसली, तर अंडाशयाचा तुकडा आत राहिल्याची शंका घ्या. लक्षणं चालू असतानाच डॉक्टरांकडे न्या. निदानाच्या काही तपासण्या त्या दिवसांत जास्त उपयोगी ठरतात.