शिक्षकाचा परिचय आणि शिकवण्याची पद्धत एका पानात कशी लिहावी?

खडू_डस्टर:
नमस्कार मंडळी. नव्या शाळेत सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवायला रुजू होते आहे. शाळेने दोन गोष्टी मागितल्या आहेत. एक, संकेतस्थळावर टाकायला साधारण ४०० शब्दांचा परिचय, म्हणजे पार्श्वभूमी आणि शिकवण्याची पद्धत. दोन, पहिल्या पालकसभेत याच विषयावर पाच मिनिटं बोलणं. मसुद्याची सुरुवात अशी आहे:

"मला लहानपणापासून शिकवण्याची आवड आहे. प्रत्येक मूल वेगळं असतं यावर माझा विश्वास आहे. माझी पद्धत विद्यार्थीकेंद्री, कृतियुक्त आणि आनंददायी आहे. दृश्य, श्राव्य आणि कृतिशील या तिन्ही अध्ययनशैलींनुसार मी शिकवते..."

वाचताना मलाच जांभई येते. पार्श्वभूमीत काय ठेवू, काय गाळू? रसायनशास्त्राची पदवी, मग औषधनिर्मितीच्या प्रयोगशाळेत गुणवत्ता तपासणीचं काम, मध्ये काही वर्षांचा खंड, मग शिक्षणशास्त्राची पदवी, असा प्रवास आहे. आणि 'पद्धत' या भागात नक्की काय लिहितात? नमुने पाहिले ते सगळे वरच्यासारखेच आहेत.

तिरकी_रेघ:
नमुने सगळे सारखे, कारण ते विशेषणांवर उभे आहेत. नाव झाकून वाचा: हाच मजकूर शेजारच्या वर्गावरच्या शिक्षकाच्या नावाने खपेल का? खपेल. मग तो परिचय नाही.

आधी पार्श्वभूमी. ४०० शब्दांत तिला १०० पुरेत, त्याहून जास्त नको. कुठली गोष्ट ठेवायची याला एक साधी चाळणी लावा: त्या वाक्यापुढे "म्हणून वर्गात..." असं जोडता आलं तर ते राहील, नाहीतर जाईल. 'लहानपणापासून आवड' या चाळणीतून पडतं. प्रयोगशाळेचं काम मात्र सोन्यासारखं आहे आणि तुम्ही ते एका ओळीत उरकताय! गुणवत्ता तपासणीत चुकीची नोंद खोडून काढत नाहीत. आकडा वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारतात, बाजूला योग्य आकडा, सही आणि तारीख. मोजमाप एकदाच घेऊन भागत नाही, पुन्हा घ्यावं लागतं. हे सरळ वर्गात येऊ शकतं:

"प्रयोगशाळेत नोंदी ठेवण्याचं काम केल्यामुळे माझ्या विज्ञानाच्या तासाला खोडरबर वापरत नाहीत. प्रत्येक गट मोजमाप तीनदा घेतो, तिन्ही आकडे वहीत लिहितो, आणि एखादा आकडा वेगळा आला तर तो का आला यावर आधी बोलतो, सरासरी नंतर काढतो."

दोन वाक्यांत तुमचा अनुभव आणि पद्धत दोन्ही आलं. पालकाला घरी वहीत आडवी रेघ दिसली की त्याचा अर्थही कळेल.

खंडाबद्दल: लपवू नका, समर्थनही करू नका. "अमुक ते अमुक या काळात नोकरी केली नाही" एवढं एक वाक्य अर्जात असावं. संकेतस्थळावरच्या परिचयात साल-तपशील मुळातच नको, त्यामुळे तिथे प्रश्नच येत नाही. अर्जात साल लिहून खंड गाळला तर बेरीज जुळत नाही, आणि वाचणारा नेमका तिथेच अडतो.

संकेतस्थळ सगळ्या जगाला उघडं असतं. जन्मतारीख, घरचा पत्ता, स्वतःचा मोबाइल क्रमांक, मुलांची नावं यातलं काहीही टाकू नका. वर्गातल्या मुलांचे चेहरे दिसणारे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय नकोत.

गणिताची_वही:
तिरकी_रेघ यांच्याशी सहमत. 'पद्धत' या भागाबद्दल लिहितो.

एकच पाठ निवडा आणि तो इतक्या जवळून दाखवा की वाचणाऱ्याला तास डोळ्यांसमोर दिसेल. सहावीला अपूर्णांकांची बेरीज घ्या. १/२ + १/३ = २/५ ही चूक दरवर्षी हमखास येते, कारण मूल अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतं. पूर्णांकांनी त्याला तेच शिकवलेलं असतं. "छेद समान करा" हा नियम फळ्यावर लिहून ही चूक आठवडाभर दबते, जात नाही.

कागदाच्या पट्ट्या घ्या, प्रत्येकी बरोबर २४ सेंमी लांब आणि साधारण ३ सेंमी रुंद. २४ यासाठी की त्याला २, ३, ४, ६, ८ आणि १२ ने पूर्ण भाग जातो. ए-४ कागदाची लांब बाजू २९.७ सेंमी आणि आखूड बाजू २१ सेंमी असते, त्यामुळे एका कागदातून अशा सात पट्ट्या निघतात. अर्धी पट्टी १२ सेंमी, तिसरा हिस्सा ८ सेंमी. दोन्ही तुकडे तिसऱ्या अखंड पट्टीवर टोकाला टोक लावून ठेवले की २० सेंमी भरतात, म्हणजे २४ पैकी २०, म्हणजे ५/६. आता मुलाला त्याचंच उत्तर मोजायला सांगा: २४ चे २/५ म्हणजे ९.६ सेंमी. अर्ध्या पट्टीतच १२ सेंमी आहेत, मग तिच्यात आणखी काही मिळवून ९.६ कसे होतील? इथे वर्ग गप्प होतो. नियम सांगायची वेळ ही. त्याआधी नाही.

यात दोन ठिकाणी घोळ होतो. तिसरा हिस्सा घडी घालून करायला दिला तर तिन्ही भाग सारखे येत नाहीत. आधी मोजपट्टीने ८ आणि १६ सेंमीवर खुणा करायला लावा. दुसरं, मुलांनी घरून पट्ट्या कापून आणल्या तर 'एक पूर्ण' प्रत्येकाचा वेगळा होतो आणि सगळा मुद्दाच बुडतो. पट्ट्या शाळेतच कापा.

परिचयात हे सगळं येणार नाही, ६०-७० शब्दांत बसवा. पण 'कृतियुक्त' हा शब्द मग लागतच नाही.

आता तासाची विभागणी. ३५ मिनिटांच्या तासात पहिली ५ मिनिटं मागच्या पाठावरचे ३ प्रश्न, त्यातला एक कालचा, एक मागच्या आठवड्याचा, एक मागच्या महिन्याचा. वह्या मिटून, आठवून लिहायचं. १२ मिनिटं नवीन भाग, १२ मिनिटं मुलांचं काम, शेवटची ५ मिनिटं चिठ्ठी: वहीच्या पाव पानावर एका प्रश्नाचं उत्तर लिहून दाराशी द्यायचं. एक-दोन मिनिटं इकडेतिकडे जातातच. चिठ्ठ्यांना गुण द्यायचे नाहीत. तीन गठ्ठे करा: जमलं, अर्धवट, नाही जमलं. ४२ चिठ्ठ्यांना सात-आठ मिनिटं लागतात, आणि उद्याचा तास तिसऱ्या गठ्ठ्यावरून ठरतो. तिसरा गठ्ठा वर्गाच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा असेल तर पुढे जाऊ नका, दुसऱ्या उदाहरणाने तोच भाग घ्या.

मधला_बाक:
चिठ्ठीची सूचना उत्तम. फक्त प्रश्न नीट निवडा. "आज काय शिकलात?" विचारलं तर मुलं धड्याचं नाव लिहून मोकळी होतात. "०.३५ मोठा की ०.५? का?" असं विचारा. ३५ हा ५ पेक्षा मोठा म्हणून ०.३५ मोठा, असं लिहिणारे लगेच सापडतात.

आणि वर्गात "समजलं का?" हा प्रश्न बंद करा. चाळीस मुलं एका सुरात "होऽऽ" म्हणतात, त्यातल्या निम्म्यांना प्रश्न काय होता तेही ठाऊक नसतं. आधी प्रश्न विचारा, थांबा, मग नाव घ्या. नाव आधी घेतलं की बाकीचे सुटले! थांबायचं किती? मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात असं दिसलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, फळ्यासमोर उभं राहिलं की फार मोठे वाटतात. मनात सावकाश आकडे मोजा.

नाव निवडायला काड्यांवर हजेरी क्रमांक लिहून डब्यात ठेवतात. काढलेली काडी बाजूला ठेवली तर ते मूल उरलेला तास निवांत. काडी परत डब्यातच टाका.

शिस्तीत_बसा:
मसुद्यातल्या एका वाक्यावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. 'दृश्य, श्राव्य, कृतिशील अध्ययनशैली' हे काढूनच टाका. शैलीनुसार शिकवल्याने शिकणं सुधारतं याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली उपलब्ध संशोधन तपासून मांडला होता. चित्र, शब्द, हाताने करणं यांची निवड मुलाच्या शिक्क्यावरून न करता विषयावरून करा: कोनाचं माप दाखवावंच लागतं, उच्चार ऐकवावाच लागतो. नवीन शाळेत एखाद्या जाणत्या पालकाने भर सभेत हे विचारलं तर पंचाईत.

वह्या तपासण्याबद्दल काही लिहिणार असाल तर हिशोब करून लिहा. ४२ वह्या, वहीमागे ३ मिनिटं, म्हणजे १२६ मिनिटं, एका विषयाची एक फेरी. दोन विषय आणि दोन वर्ग असतील तर चार फेऱ्या, म्हणजे आठ तासांच्या वर. "रोज प्रत्येक वही तपासली जाईल" हे वचन पहिल्याच पंधरवड्यात मोडतं, आणि पालक नेमकं तेवढंच लक्षात ठेवतात. दोन आठवड्यांतून एकदा, पण शेरा असा की मुलाला पुढे काहीतरी करावं लागेल: "उदाहरण ४ मध्ये हातचा कुठे गेला ते शोध." 'छान', 'सुधारणा हवी' यांनी काही होत नाही.

शेरा आणि गुण एकत्र देऊ नका. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या प्रयोगात फक्त शेरे मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली. गुण आणि शेरे दोन्ही मिळालेल्यांना तो फायदा झाला नाही. गुण दिसले की शेरा कोण वाचतो?

खडू_डस्टर:
सगळ्यांचे आभार. अध्ययनशैली काढल्या. नवी सुरुवात पाहा:

"मी रसायनशास्त्राची पदवीधर. औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम केल्यानंतर शिक्षणशास्त्राची पदवी घेतली. माझ्या तासाला चुकीचं उत्तर खोडत नाहीत, त्यावर एक आडवी रेघ मारतात, म्हणजे चूक कुठे झाली ते नंतर शोधता येतं. तास सुरू होताना तीन जुने प्रश्न असतात आणि संपताना एक चिठ्ठी. दर शुक्रवारी चिठ्ठ्या मुलांबरोबर घरी येतील, त्या पाहाव्यात."

पालकसभेत हेच वाचून दाखवू का? आणि घरी पालकांनी काय करावं हेही सांगायचं का?

तिरकी_रेघ:
मसुदा आता तुमचा वाटतो. सभेत वाचू नका. लिहिलेली वाक्यं वाचताना मान खाली जाते. मोठ्याने बोलून घड्याळ लावा: सावकाश बोललं तर ४०० शब्द चार मिनिटांच्या आसपास जातात, पाचवं प्रश्नांना. दोन पट्ट्या हातात घेऊन जा आणि १/२ + १/३ पालकांनाच करायला द्या. काहीजण २/५ म्हणतील. त्यांना कुणी हसणार नाही याची काळजी घ्या.

पालकांना एकच काम सांगा, दोन नाही. "गृहपाठात मूल अडलं तर उत्तर सांगू नका, अडलेल्या ओळीशी पेन्सिलीने फुली मारून पाठवा." कोरं पान आलं तर मूल कुठे अडलं ते कळत नाही, आणि पालकांनी सोडवून दिलेलं पान आलं तरी कळत नाही. फुली आली की कळतं.

गणिताची_वही:
'दर शुक्रवारी' काढा. एखाद्या शुक्रवारी सुट्टी आली की पालकांचे फोन सुरू. 'आठवड्यातून एकदा' लिहा. आणि चिठ्ठ्या घरी पाठवण्याआधी तिसऱ्या गठ्ठ्यातल्या मुलांची दुसरी चिठ्ठी घ्या, दोन्ही एकत्र टाचून पाठवा. नुसती चुकलेली चिठ्ठी घरी गेली तर पुढच्या वेळी ते मूल शेजाऱ्याची बघून लिहितं, आणि मग तुमचे गठ्ठेच खोटे ठरतात.