अनुभव धागा: राइट फील्डमधले रोबेर्तो क्लेमेंते

रोबेर्तो क्लेमेंते हे पोर्तो रिकोचे बेसबॉलपटू १९५५ ते १९७२ या काळात पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी संघाकडून राइट फील्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाला, खेळले आणि भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान अपघातात गेले. त्यांची ओळख आपल्याला कुठे आणि कशी झाली, ते कृपया येथे लिहावे. कोरडी आकडेवारी नको. ती कुठेही मिळते.

पिट्सबर्ग

विद्यापीठात शिकताना माझा येण्याजाण्याचा रस्ता पोस्वर हॉलमधून होता. तिथे फरशीत काचेखाली पंचकोनी होम प्लेट, म्हणजे फलंदाज जिच्याजवळ उभा राहतो ती पाटी, जपून ठेवली आहे, कारण १९७० पर्यंत पायरेट्सचे फोर्ब्स फील्ड हे मैदान याच परिसरात होते. तिथले एक वयस्कर सुरक्षारक्षक लहानपणी उजव्या बाजूला बसून सामने पाहत. क्लेमेंते यांनी कुंपणाजवळून फेकलेला चेंडू थेट तिसऱ्या बेसवर कसा यायचा, हे ते हात फिरवून दाखवत, आणि उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचे बारा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार कशासाठी मिळाले हे मला त्यातूनच उमगले. याच शहरातील वार्ताहर क्लेमेंते यांचे इंग्रजी उच्चार जसेच्या तसे छापून टिंगल करत आणि निवेदक त्यांना परस्पर 'बॉब' करून टाकत, हेही त्या रक्षकांनीच सांगितले. स्वतःच्या आडनावाचे रोज तुकडे होताना ऐकणाऱ्या आम्हा मराठी विद्यार्थ्यांना ते फार समजावून सांगावे लागले नाही.

सान हुआन

औषध कारखान्यातील कामानिमित्त मी पोर्तो रिकोत राहत होतो. क्लेमेंते १९७२ च्या नोव्हेंबरमध्ये हौशी संघाचे व्यवस्थापक म्हणून निकाराग्वात राहून आले होते, त्यामुळे २३ डिसेंबरला तिथली राजधानी मानाग्वा भूकंपात उद्ध्वस्त झाल्याची बातमी त्यांच्यासाठी परक्या गावाची नव्हती. पाठवलेली मदत लष्करी अधिकारी मधल्यामधे गिळत आहेत असे कानावर आल्यावर, आपण समोर उभे असलो तर सामान गरजूंच्या हाती पडेल, या विश्वासाने ते ३१ डिसेंबरच्या रात्री स्वतः निघाले. मर्यादेपेक्षा अधिक भार असलेले ते जुने डीसी-७ विमान उड्डाणानंतर लगेचच समुद्रात कोसळले. क्लेमेंते यांचा मृतदेह सापडलाच नाही. माझ्या सहकाऱ्याची आई तेव्हा पिन्योनेसच्या किनाऱ्यावर जमलेल्या गर्दीत होती. त्या वर्षी घरी कोणी नववर्षाचे जेवण जेवले नाही, एवढेच ती सांगे.

न्यू जर्सी

वरील अनुभव वाचूनही माझे मत थोडे वेगळे आहे. पत्नी आणि तीन लहान मुले घरी असताना अशा विमानात बसणे हा अविचारच होता, आणि थोरपणाच्या कौतुकात विमानाच्या मालकाची बेपर्वाई झाकली जाऊ नये. मुलाच्या बेसबॉल संघातील पालकांशी या विषयावर माझा अनेकदा वाद झाला आहे.

पुन्हा पिट्सबर्ग

सामन्याच्या दिवशी क्लेमेंते यांच्या नावाचा पूल वाहनांसाठी बंद असतो, म्हणून आम्ही तो पायी ओलांडून पायरेट्सच्या आताच्या मैदानात जातो. तिथली उजवीकडची भिंत त्यांच्या जर्सीच्या क्रमांकाइतकी, म्हणजे २१ फूट उंच आहे. ३० सप्टेंबर १९७२ रोजी त्यांनी तीन हजारावी हिट (बेस मिळवून देणारा फटका) मारली आणि नियमित हंगामात ती शेवटची ठरली. समाजकार्य करणाऱ्या खेळाडूला दरवर्षी त्यांच्या नावाचा पुरस्कार मिळतो. त्यासाठी प्रत्येक संघ आपला एक खेळाडू सुचवतो, आणि माझी मुलगी गुणफलकाआधी ती यादी वाचते.