अंतर्गत समिती मालकानेच नेमायची, मग चौकशी नक्की कोणाची होणार?

पिंपळपार:
चाकणच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी स्टोअर्सला होतो. कॅन्टीनच्या वाटेवर बोर्डावर लैंगिक छळाविरोधी अंतर्गत समितीचा कागद लावलेला. त्यावरच्या पाच नावांपैकी दोघी कधीच्याच नोकरी सोडून गेलेल्या. अध्यक्ष मॅडम प्लँट हेडच्या हाताखाली, त्यांचं अप्रेझल त्याच्याच हातात. प्लँट हेडच्या मर्जीतल्या सुपरवायझरबद्दल तक्रार घेऊन कोणती बाई त्या मॅडमकडे जाईल?

२०१३ च्या कायद्यानुसार (सगळे 'पॉश' म्हणतात तो) दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे मालकाने समिती नेमायची. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला. कागदावर छान. पण तो बाहेरचा सदस्यही मालकच शोधतो आणि त्याचं मानधनही मालकच देतो. माझं म्हणणं एवढंच, की बाहेरचा सदस्य जिल्हाधिकाऱ्यांनी पाठवावा आणि अध्यक्षपद त्याच्याकडे द्यावं.

फाईलवाली:
साफ असहमत. मी एचआरमध्ये आहे, आता घाला शिव्या. पण समिती आत असण्याचा फायदा पहिल्याच आठवड्यात कळतो. बाईने लेखी मागितलं की चौकशी चालू असतानाच दोघांपैकी एकाची बदली करायची शिफारस समिती करू शकते, तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा देता येते. कोणाची शिफ्ट कोणाबरोबर लागते, सीसीटीव्ही कुठे बंद असतो, हे आतल्या माणसाला ठाऊक असतं. कलेक्टर कचेरीतून आलेल्या माणसाला गेटपास मिळेपर्यंत साक्षीदार पढवून झालेले असतील. शिवाय समिती नेमली नाही तर ५० हजार दंड, पुन्हा तेच केलं तर दुप्पट आणि परवाना जाण्याची टांगती तलवार.

पिंपळपार:
५० हजार! आमच्याकडे दिवाळीच्या मिठाईचं बिल त्याहून मोठं असायचं.

साधासरळ:
तुम्ही दोघंही एकाच बाजूचं बोलताय. तक्रार झाली की माणूस संपला. आमच्या ऑफिसात एकावरचा आरोप सिद्ध झाला नाही, तरी त्याच्या टेबलावर जेवायला कोणी बसत नाही. तक्रार करणारीला काय झालं? काही नाही. आणि पुरुषाचा छळ झाला तर त्याने जायचं कुठे? कायदा सगळ्यांसाठी सारखा हवा.

काळाकोट:
साधासरळ, तुमच्या दोन मुद्द्यांची गल्लत होतेय. आरोप सिद्ध न होणं वेगळं आणि तक्रार खोटी असणं वेगळं. मुद्दाम, द्वेषाने खोटी तक्रार केल्याचं चौकशीत ठरलं तर कलम १४ खाली कारवाई होते. पण नुसता पुरावा कमी पडला म्हणून बाईला शिक्षा करता येत नाही, हे त्याच कलमात लिहिलंय. आणि ते असायलाच हवं. बंद केबिनमध्ये साक्षीदार कुठून आणणार?

पुरुषांबद्दलचं म्हणणं मान्य. या कायद्याखाली तक्रार फक्त स्त्रीच करू शकते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांत मात्र पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांचाही विचार केलाय, म्हणजे करायचं म्हटलं तर जमतं.

आता मूळ धाग्याकडे. समिती कोणी नेमली याइतकंच तिला काम येतं का, हेही बघा. गोवा विद्यापीठातलं प्रकरण आठवा. २००९ च्या तक्रारी. समितीने घाईघाईत सुनावण्या उरकल्या, प्राध्यापकाला बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नाही. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द करून चौकशी पुन्हा करायला सांगितली. चौदा वर्षं! ज्या मुलींनी हिंमत करून तक्रार दिली त्यांच्या हाती काय पडलं?

साधासरळ:
म्हणजे समितीने नियम मोडले, हे तुम्हीच कबूल करताय.

काळाकोट:
कधी नाकारलं? म्हणून तर प्रशिक्षण द्या म्हणतोय. या चौकशीत कोणत्याही टप्प्यावर वकील लावता येत नाही, त्यामुळे सगळा भार समितीच्या अकलेवर.

नखरंग:
मी पार्लरमध्ये काम करते. आम्ही चौघीजणी आणि मालक. आमची समिती कुठली?

काळाकोट:
ताई, दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. घरकाम करणाऱ्या बायकांनाही तीच. लेखी तक्रार, सहा प्रती, पुराव्यांसकट. लिहिता येत नसेल तर लिहून देण्यात मदत करणं त्यांचं काम आहे. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्या. कारण पटलं तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात, पण त्या भरवशावर राहू नका. कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या कुलगुरूंविरुद्धची तक्रार मुदतीबाहेर म्हणून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. निकालाची नोंद कुलगुरूंच्या बायोडेटात करा, एवढं मात्र न्यायालयाने सांगितलं.

चुलीपाशी:
स्थानिक समिती म्हणे! आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींबरोबर मी गेले होते. एका टेबलाने महिला बालविकासकडे पाठवलं, तिथून पोलिसात जा म्हणाले, तिसऱ्या ठिकाणी साहेब मीटिंगला. समितीची यादी कोणाकडेच नव्हती. मावशी बसस्टॉपवर म्हणाल्या, "ताई, आज दोन घरचा खाडा झाला, आता नको." पिंपळपार, तुम्ही कारखान्यातल्या बायकाही याच कचेरीच्या दारात नेऊन बसवणार?

फाईलवाली:
नेमकं. कायदा २०१३ चा, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं की महिनाअखेरपर्यंत या स्थानिक समित्या नेमणारे जिल्हा अधिकारी नेमा. त्यांच्या हातात अध्यक्षपद द्यायचं?

पिंपळपार:
सरकार झोपलंय म्हणून चौकशी आरोपीच्या साहेबाकडेच ठेवायची, हे काही मला पटत नाही. कलेक्टर नको तर नको. कॅन्टीन कमिटीवर कामगारांनी निवडून दिलेली माणसं चालतात ना? मग या समितीचे सदस्यही मतदानाने निवडा. पोह्यात मीठ किती हे आम्ही ठरवायचं आणि हे मात्र साहेबांनी?

फाईलवाली:
तीनशे पुरुष, चाळीस बायका. सुपरवायझरच पॅनेल उभं करील आणि गुलाल उधळून निवडून आणील.

नखरंग:
मत फक्त बायकांनाच द्या की मग.

साधासरळ:
झालं. आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या बाजूने कोण निवडून येणार?

काळाकोट:
समितीवर कोणी कोणाच्या बाजूने बसायचंच नसतं हो. आणि नखरंग ताई, खरंच काही घडलं असेल तर तारीख, वेळ आणि त्या वेळी तिथे कोण होतं, हे आजच वहीत लिहून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचं काहीही पुसू नका.