दीड वर्षाचं लेकरू आणि नेदरलँड्सचं घर

ताई, तुम्ही विचारलंत की यजमान तिकडे घर शोधताहेत, तर लेकराला घेऊन आर्वीहून आत्ताच निघावं की घर ठरल्यावर. माझं स्पष्ट मत: घर ठरू द्या, पण कागद आजच हाती घ्या.

ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावर बाळाचं नाव आहे का, ते आधी बघा. आपल्याकडे बारशाआधीच नोंद होते आणि नावाचा रकाना कोराच राहतो. नेदरलँड्समधल्या नगरपालिकेत नोंदणी करताना अपोस्टिल केलेला, म्हणजे परदेशात चालावा म्हणून आपल्या सरकारचा खरेपणाचा शिक्का असलेला, दाखला मागतात. पासपोर्टवरचं आणि दाखल्यावरचं स्पेलिंग अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. लसीकरणाचं कार्ड हातातल्या पिशवीतच ठेवा.

घराबद्दल यजमानांना आवर्जून सांगा, तिथे बिनफर्निचरचं भाड्याचं घर म्हणजे कित्येकदा जमिनीवर फरशीसुद्धा नसते. नुसतं सिमेंट, पडदे नाहीत, दिवे नाहीत. जुन्या घरांचे जिने तर शिडीसारखे उभे. आपलं लेकरू अंगणात, ओसरीवर मोकळं धावणारं. तळमजलाच बघायला सांगा, नाहीतर जिन्याला फाटक लावायचं घरमालकाला आधीच विचारून घ्या.

प्रवासात सातूचं पीठ, मुरमुरे खुशाल न्या. साजूक तूप मात्र सासूबाईंनी कितीही प्रेमानं बांधून दिलं तरी नेऊ नका. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, बाळाच्या दुधाच्या पावडरीला सूट आहे. आणि दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत निघालात तर मांडीवरच्या बाळाचं तिकीट बरंच स्वस्त पडतं, तेवढी तारीख यजमानांच्या कानावर घाला.