अंतर्गत मूल्यमापनात सगळ्यांनाच अठरा-एकोणीस: मग तपासायचे काय?

प्रश्न : माहुलीकर
मी सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. एम.ए.च्या अंतर्गत मूल्यमापनात २० पैकी १८ च्या खाली कोणाला गुण द्यायचे नाहीत, असा आमच्याकडे अलिखित दंडक आहे. यंदा केशवसुतांवरील निम्म्याहून अधिक स्वाध्यायांत त्यांचे जन्मसाल १८६६ ऐवजी १८९६ पडले होते, कारण गाइडात तसेच छापले आहे. कवी १९०५ साली वारले. म्हणजे त्यांचे सारे काव्य वयाच्या नवव्या वर्षाच्या आत लिहून झाले, हे उतरवणाऱ्यांपैकी कोणालाही खटकले नाही. एका मुलीने मात्र मूळ कविता वाचून, बरीच खाडाखोड करीत, तीन पाने स्वतःच्या शब्दांत लिहिली होती. तिला १९ आणि बाकीच्यांना १८ देऊन मी मोकळी झाले, पण ते मनाला टोचते आहे. हात आखडता घेतला तर पुढील वर्षी तास मिळतील का, हीही धास्ती आहेच. इतरत्र काय करतात?

उत्तर : निवृत्त मास्तर, सांगली
मॅडम, नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांसाठी खुल्या प्रवर्गाला एम.ए.ला ५५ टक्के लागतात, आणि ५४ वर अडकलेला मुलगा दारात येऊन उभा राहिला की आपला हात सैल सुटतो. माझाही सुटला आहे. मात्र नेटमध्ये दोन्ही पेपर देणाऱ्यांपैकी जेमतेम सहा टक्के सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र ठरतात, आणि तिथे आपले १८ गुण कोणी विचारत नाही.

उत्तर : मिरजकर
श्रेणींवर मर्यादा घालणे हा उपाय सुचवला जातो. प्रिन्स्टन विद्यापीठाने २००४ साली ‘ए’ श्रेणी ३५ टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचे धोरण आणले आणि २०१४ मध्ये ते मागे घेतले. आपल्याकडे एम.ए.च्या वर्गात मुळात बारा-पंधरा मुले असताना टक्केवारीची मर्यादा लावणे हास्यास्पद ठरेल. त्यापेक्षा दहा गुण लेखी आणि दहा तोंडी ठेवावेत. एक कडवे समोर ठेवून त्याचा अर्थ विचारला की गाइड पाच मिनिटांत उघडे पडते.

माहुलीकर
तोंडी परीक्षेसाठी वेळापत्रकात तास नाही. म्हणून पुढील स्वाध्याय वर्गातच, केवळ मूळ कविता हाती देऊन, लिहून घेणार आहे. विभागप्रमुखांना आधी विचारावे की गुण भरून झाल्यावर सांगावे, एवढेच ठरायचे आहे.