धडगावच्या पाड्यावरही गिऱ्हाईक आहे

नॅनो-बायोसेन्सर म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या मदतीने रक्त-लघवीतला एखादा घटक ओळखणारं साधन. त्याला बाजार फक्त पुण्या-मुंबईच्या हॉस्पिटलांत, असं काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. गरोदरपणाच्या पट्टीवरची लाल रेघ पाहिलीत ना? ती बहुतेकदा सोन्याच्या नॅनोकणांची असते. इतकं बारीक झालं की सोनं पिवळं नाही, लाल दिसतं. तशाच पट्टीवर बोटातल्या थेंबभर रक्तात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार कळतो, माणूस वाहक (स्वतः सहसा आजारी नसलेला, पण मुलांना दोष देऊ शकणारा) आहे की रुग्ण हेसुद्धा. आमच्या सातपुड्यातल्या पाड्यांना हेच हवंय.

खरी अडचण उन्हाची. अशा बऱ्याच पट्ट्या ३० अंशांपर्यंतच ठेवायच्या असतात आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळ ४५ला टेकतं. आशाताईच्या पिशवीत टिकणारी स्वस्त पट्टी कुणी काढली, तर मागणी तयार आहे: २०२३ साली सुरू झालेल्या केंद्राच्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं होतं.