मदत हवी आहे: टेनेसीतली छोटी गावं, शाकाहारी आई आणि जुना बिडाचा तवा

नमस्कार मंडळी,

आई-बाबा सध्या आमच्याकडे अटलांटाला आलेत. नायगारा वगैरे मागच्या खेपेला उरकलंय आणि मॉलला दोघंही विटलेत. म्हणून चॅटनूगावरून आय-२४ महामार्ग धरून साउथ पिट्सबर्ग, लिंचबर्ग, बेल बकल आणि शेवटी फ्रँकलिन असं छोट्या गावांतून हिंडायचं ठरवतोय. राहायचं बुकिंग झालंय. अडलंय ते जेवण आणि जुन्या सामानाची दुकानं यांपाशी.

इकडची खरी गावठी खानावळ म्हणजे 'मीट अँड थ्री': एक सामिष पदार्थ, तीन भाज्या. बाबांचा प्रश्न नाही, ते कॅटफिशसकट सगळं खातात. आई पक्की शाकाहारी. नुसती 'व्हेजिटेबल प्लेट' मागावी म्हटलं, तर कोलार्डची पालेभाजी, फरसबी, पिंटो बीन्स, सगळं बहुतेक ठिकाणी हॅम हॉक (डुकराच्या पायाचा तुकडा) नाहीतर बेकन टाकून शिजवलेलं. कॉर्नब्रेड आणि बिस्किटांतही (इथली बिस्किटं म्हणजे मऊ पाव) कधीकधी डुकराची चरबी. 'व्हेजिटेरियन आहे का?' विचारलं की काउंटरवरची बाई प्रेमाने 'येस हनी' म्हणते, कारण तिच्या लेखी बीन्स म्हणजे भाजीच! (मॅक अँड चीजसुद्धा इथे भाज्यांच्या रांगेत बसतं, ही मात्र देवाची कृपा.) तर नक्की कसं विचारायचं? लिंचबर्गला मिस मेरी बोबोज या खानावळीत एका टेबलाभोवती अनोळखी लोकांबरोबर बसून भांडी फिरवत वाढून घ्यायचं असतं. बाबांना ते फार आवडेल, पण आईच्या पानात काय पडेल? साखळी हॉटेलं कृपया सुचवू नका, गावातले लोक जिथे जेवतात तीच हवीत.

आता दुसरं. बाबांनी पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार कधी चुकवला नाही. त्यांना अँटिक मॉलमध्ये सोडलं की दिवस गेला. आईला मात्र एकच वस्तू हवी आहे, थालिपीठ-घावनासाठी जुना बिडाचा तवा. साउथ पिट्सबर्गला 'लॉज' या बिडाची भांडी बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना १८९६ पासून आहे, तिथलं दुकान बघूच. पण नवीन तव्याचा पृष्ठभाग खरबरीत, घावन सुटेल का याची तिला शंका. ग्रिसवोल्ड, वॅग्नर या जुन्या कंपन्यांचे तवे घासून गुळगुळीत केलेले असायचे म्हणतात. ते कसे पारखायचे? आणि अशा दुकानांत घासाघीस चालते का? बाबा करणारच आहेत, आधी कळलं तर मी लांब उभी राहीन.

प्रतिसाद:
'व्हेजिटेरियन' हा शब्दच वापरू नका. 'यात पोर्क, लार्ड (डुकराची चरबी) किंवा ब्रॉथ (मांसाचं पाणी) आहे का?' असं एकेक नाव घेऊन विचारा, लगेच खरं उत्तर मिळतं. तळलेली भेंडी आणि हिरवे टोमॅटो छान असतात, पण कोंबडीच्याच तेलात तळतात का तेही विचारा. पिमेंटो चीजचं (लाल मिरची घातलेलं चीज) सँडविच बहुधा सुरक्षित. रस्त्यावर 'बॉइल्ड पीनट्स'ची पाटी दिसली की थांबा, आपल्या उकडलेल्या शेंगाच! मेरी बोबोजला आधी आरक्षण लागतं, त्याच फोनवर आईंचं सांगून ठेवा. तिथल्या गोड सफरचंदांत जॅक डॅनियल्स व्हिस्की असते बरं का. गंमत म्हणजे या व्हिस्कीची लिंचबर्गची डिस्टिलरी ज्या काउंटीत (जिल्ह्यात) आहे, तिथे दारूबंदी आहे.

प्रतिसाद:
तवा सपाट काचेवर ठेवून डुगडुगतो का बघा. गंज चालेल, तडा नको. बोटाने टिचकी मारली की घंटेसारखा वाजला पाहिजे, बद्द आवाज आला तर सोडून द्या. ८ नंबर म्हणजे ८ इंच नव्हे, साधारण साडेदहा. नाव नसलेला तवा दिसला तर उलटा करा, खालच्या कड्याला तीन खाचा असतील तर तो बहुधा जुना लॉज. पूर्वी अशा भांड्यांत गळाची वजनं ओतायला शिसं वितळवत, म्हणून शिशाची चाचणी करणारा संच जवळ ठेवा.

घासाघीस चालते, पण मालक समोर नसतो. एकेक गाळा वेगळ्या विक्रेत्याचा, काउंटरवर बसलेला माणूस फक्त पैसे घेतो. 'यात काही कमी होईल का?' एवढंच विचारायचं. दहा टक्के सुटतात, जास्त हवे तर तो विक्रेत्याला फोन लावतो. शनिवारीच जा, रविवारी बरीच दुकानं दुपारनंतर उघडतात. आणि साउथ पिट्सबर्गला टाइम झोन बदलतो, घड्याळ एक तास मागे घ्या.

धागाकर्ती:
खूप आभार! फक्त एक राहिलं. जुन्या तव्यात आधीच्या बाईने पन्नास वर्षं बेकनच तळलं असणार. आईला ते चालायचं नाही. ती चरबी पूर्ण निघते का?

प्रतिसाद:
निघते. कॉस्टिक सोडा असलेला ओव्हन क्लीनर फवारून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दोन दिवस ठेवा, हातमोजे घालून घासा, उघडं लोखंड दिसेपर्यंत. धुऊन लगेच कोरडा करा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून ओव्हनमध्ये उलटा तासभर तापवा. असं तीन-चार वेळा. आईंना हे सगळं समोर बसवून दाखवा, मगच त्यावर थालिपीठ थापतील.